वखारीला पॉलिहाऊस ड्रायर परवडतो का? जळाऊ लाकूड सुकवणाऱ्या सोलर ड्रायरचं परीक्षण

फुलशेतीची पॉलिहाऊस उभारणारे फॅब्रिकेटर तोच सांगाडा थोडाफार बदलून ‘सोलर ड्रायर’ म्हणून देतात. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपच्या कमानी, वर २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म (उन्हाला टिकणारं पारदर्शक प्लॅस्टिक), आत काळा रंग दिलेले पत्रे, दोन-चार पंखे आणि हवा बाहेर टाकायच्या खिडक्या, एवढी ही यंत्रणा. इथे २० फूट बाय ४० फुटांचा, जळाऊ लाकडासाठी वापरायचा ड्रायर डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण मध्यम वखारीला साधारण हाच आकार सुचवला जातो.

निकाल आधीच सांगतो. वस्तू चांगली आहे, पण ती अर्धवट वाळलेल्या लाकडासाठी आहे. ताजं तोडलेलं सुबाभूळ थेट आत भरून आठवड्यात कोरडं बाहेर काढायचं, या अपेक्षेने घेणाऱ्याचे पैसे अडकतात. ज्याच्याकडे अजून पक्की पावसाळी शेडच नाही, त्याने आधी शेड बांधावी. हे कशावरून, ते पाण्याच्या हिशोबातून दिसतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. जातीप्रमाणे आणि तोडीच्या हंगामाप्रमाणे हे कमी-जास्त होतं, पण हिशोबाला निम्मं धरायला हरकत नाही. १,००० किलो ओलं लाकूड घेतलं तर त्यात ५०० किलो लाकूड आणि ५०० किलो पाणी. ते वजनाच्या २० टक्के पाण्यापर्यंत वाळवलं की वजन उरतं ६२५ किलो, म्हणजे ३७५ किलो पाणी उडून जातं. ४ रुपये किलोने घेतलेल्या मालाचा भाव मजुरी धरण्याआधीच ६ रुपये ४० पैसे होतो. वखारीचा भाव ठरवताना ही घट धरली नाही, तर वाळवणं हा तोट्याचाच धंदा होतो.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. निम्मं पाणी असलेल्या एक किलो लाकडातून हाती लागते ती साधारण १,९०० किलोकॅलरी उष्णता. वीस टक्क्यांच्या लाकडातून ३,४०० मिळते. किलोमागे हा फरक मोठा आहे. पण संपूर्ण लॉटची बेरीज केली, तर १,००० किलो ओल्या लाकडात आणि त्यातूनच झालेल्या ६२५ किलो कोरड्या लाकडात एकूण उष्णतेचा फरक साधारण बारा टक्क्यांचाच निघतो. म्हणून कोरड्या लाकडाचा खरा फायदा एकूण उष्णतेपेक्षा जळण्याच्या पद्धतीत आहे. ते लवकर पेटतं, धूर कमी देतं, भट्टीचं तापमान खाली पडू देत नाही आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचू देत नाही. चुलीवरच्या मिसळीचं हॉटेल, चुरमुऱ्याची भट्टी, लाकडावरचा पिझ्झा ओव्हन, मंगल कार्यालयातला आचारी, या सगळ्यांना कोरड्या मालाचे पैसे द्यायला पटवायचं असेल तर हेच सांगावं. ‘दुप्पट उष्णता’ असं सांगून विकलं, तर दुसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक स्वतःच हिशोब करतं.

ड्रायर दिवसाला किती पाणी काढतो

कोटेशनमध्ये बहुतेक वेळा टनाची क्षमता आणि दिवस लिहिलेले असतात. विचारायला हवं ते दिवसाला किती किलो पाणी, हे. २० बाय ४० फूट म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. महाराष्ट्रात चांगल्या उन्हाच्या दिवशी चौरस मीटरला साधारण साडेपाच युनिट सौर ऊर्जा पडते, म्हणजे या छतावर दिवसाला ४०० युनिटच्या आसपास. त्यातला काही भाग फिल्मवरून परततो, काही भिंतींतून आणि बाहेर टाकलेल्या गरम हवेतून जातो. प्रत्यक्ष पाणी उडवायला त्यातला चौथा भाग कामी आला, तर यंत्रणा ठीक चालली म्हणायची. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट लागतं. याप्रमाणे उत्तर येतं दिवसाला १५० किलो पाणी. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन साडेतीन-चार युनिटांवर येतं, तेव्हा १०० किलोच्या आसपास. कोरड्या ऋतूत बाहेरच्या हवेचा कोरडेपणाही मदत करतो, त्यामुळे एप्रिलमध्ये आकडा याहून वर जाईल. जुलैत ती मदत मिळत नाही.

आता दोन लॉट घ्या. पहिला, ताजं दहा टन लाकूड. त्यातून ३,७५० किलो पाणी काढायचं आहे, म्हणजे चांगल्या उन्हात २५ दिवस आणि पावसाळ्यात ३७. दुसरा, आधीच उघड्यावर ३० टक्क्यांपर्यंत वाळलेलं दहा टन. त्यातून १,२५० किलो पाणी काढलं की वीस टक्के गाठतात, म्हणजे उन्हाळ्यात आठ-नऊ दिवस आणि पावसाळ्यात बारा-तेरा. शिवाय शेवटचं पाणी लाकडाच्या पेशींच्या भिंतींत धरलेलं असतं, ते सावकाश सुटतं. म्हणून दोन-तीन दिवस जास्तच धरावेत. ड्रायर तोच, ऊन तेच, पण दुसऱ्या पद्धतीने तो तिपटीहून जास्त माल देतो. विक्रेता ‘दहा टन, सात दिवस’ म्हणाला, तर आत जाताना आणि बाहेर येताना लाकडात किती टक्के पाणी होतं, हे आधी विचारा.

बांधणीत कुठे पैसे घालावेत

फिल्मवर फार चर्चा होते आणि जमिनीवर होत नाही. जमीन जास्त महत्त्वाची आहे. मुरमावर थेट थप्पी लावली, तर पंखे चालू असताना जमिनीतला ओलावा वर खेचला जातो आणि खालचे दोन थर वाळतच नाहीत. खाली जाड प्लॅस्टिक अंथरून त्यावर चार इंच काँक्रीट, हा खर्च टाळू नये. काँक्रीट असलं की हँड पॅलेट ट्रक (क्रेट उचलून हाताने ओढायची गाडी) चालतो, आणि मग लोखंडी जाळीचे क्रेट वापरता येतात. चार फूट बाय तीन फूट बाय चार फूट उंचीच्या एका क्रेटमध्ये अर्धवट वाळलेलं फोडीव सुबाभूळ साडेचारशे ते पाचशे किलो बसतं. दहा टनांना वीस-बावीस क्रेट लागतात. क्रेट नसले की तेच लाकूड चार वेळा हाताळावं लागतं: उतरवणं, थप्पी लावणं, थप्पी मोडणं, भरणं. मजुरी इथेच वाढते.

काळे पत्रे छताच्या फिल्मखाली साधारण फूटभर अंतर ठेवून बसवलेले असावेत. हवा त्या फटीतून गरम होऊन येते आणि पंखे ती लाकडातून ढकलतात. काही ठिकाणी फक्त जमिनीला काळा रंग देऊन काम भागवलेलं असतं. त्यावर लाकूड ठेवलं की ती काळी जमीन झाकली जाते, मग तिचा उपयोग काय?

पंख्यांच्या बाबतीत एकच अट घालावी: मोटर गरम हवेच्या बाहेर असावी, किंवा जास्त तापमानासाठी बनवलेली असावी. दुपारी आत ५५ ते ६० अंश होतात. त्यात साध्या पंख्याचा कपॅसिटर आणि बेअरिंगचं ग्रीस टिकत नाही. पंखा बंद पडलेल्या लॉटच्या मधल्या भागात बुरशी धरते, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक नकाशांत नसते: ताडपत्रीचा पडदा. हवा नेहमी सोपी वाट धरते. थप्पीच्या वर आणि बाजूला मोकळी जागा असेल, तर ती लाकडातून न जाता तिथूनच फिरते. छतापासून थप्पीच्या माथ्यापर्यंत पडदा सोडला आणि बाजूच्या फटी बंद केल्या, की तेच पंखे दुप्पट काम करतात. तपासायला पातळ पॉलिथिनची पट्टी काठीला बांधून थप्पीच्या मागच्या बाजूला धरा. ती सगळीकडे हलली पाहिजे. हवेच्या दिशेने थप्पीची जाडी चार फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर पुढचं लाकूड वाळतं आणि त्याचीच ओल मागच्याला लागते.

लांब बाजू पूर्व-पश्चिम असावी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर बसवायचा असेल, तर पश्चिमेची आखूड भिंत फिल्मऐवजी पत्र्याची करावी. जून-जुलैचा वारा फिल्म तिथेच फाडतो. फिल्मचं आयुष्य साधारण तीन वर्षं धरावं. चौथ्या वर्षी ती धुरकट होऊन ऊन कमी सोडते, फाटलेली नसली तरी.

खिडक्या बंद ठेवण्याची सवय

या यंत्रणेत सर्वांत जास्त बिघडतं ते इथे. आत गरम वाटतंय म्हणजे लाकूड वाळतंय, असं समजून खिडक्या बंद ठेवल्या जातात. तापमान ६० अंशांवर जातं, फिल्मवरून थेंब गळतात, आणि लाकूड वाफाळल्यासारखं ओलंच राहतं. ओल्या लाकडाला अशी उबदार, दमट, कोंदट हवा मिळाली की दोन-तीन दिवसांत हिरवी-काळी बुरशी येते. बेकरीवाला किंवा हॉटेलवाला असा माल परत पाठवतो, आणि बरोबर करतो. बुरशीची भुकटी स्वयंपाकाच्या जागेत नको.

आत आणि बाहेर एकेक साधा आर्द्रता-मापक टांगावा. सकाळी ऊन चढू लागलं की पहिला तास-दीड तास खिडक्या पूर्ण उघड्या आणि एक्झॉस्ट चालू, म्हणजे रात्रीची साचलेली ओल निघून जाते. पुढे आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तोवर खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवाव्यात. ती ३० टक्क्यांच्या खाली आली की खिडक्या जवळजवळ बंद करून हवा आतल्या आत फिरवावी, कारण आता फुकट गेलेली गरम हवा म्हणजे गेलेली ऊर्जा. सूर्य मावळला की सगळं बंद. पावसाळ्यात रात्री बाहेरची आर्द्रता नव्वदच्या वर असते. खिडकी उघडी राहिली, तर दिवसभर काढलेल्या ओलीतली काही परत आत येते. हे काम रोज करणारा माणूस ठरलेला नसेल, तर आर्द्रतेवर चालणारा स्वयंचलित एक्झॉस्ट घ्या. त्यासाठीचा जादा खर्च योग्य आहे.

करवत आणि कुऱ्हाड

कोणताही ड्रायर जाड ओंडका वाळवू शकत नाही. लाकडातलं पाणी तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांकडून, आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट वेगाने निघतं. साल तर पाणी अडवायलाच असते. म्हणून तुकड्याची लांबी आणि फोड या दोन गोष्टी वाळण्याचा वेळ ठरवतात. एक ते दीड फूट लांब, तीन-चार इंच जाड आणि किमान एका बाजूने साल निघालेली फोड, हे माप हॉटेलच्या चुलीला आणि ड्रायरला दोघांनाही चालतं. पिझ्झा ओव्हनसाठी दोन इंच.

फोडायचं ते ओलं असताना, तोडीनंतर लवकर. निलगिरी आणि बाभूळ वाळल्यावर फोडायला घेतली, तर हायड्रॉलिक स्प्लिटरलाही जड जाते आणि मजूर जादा दर मागतात. आंबा लवकर फुटतो, पण त्याच्या पांढऱ्या बाहेरच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. थप्पीखाली पिठासारखा भुसा दिसू लागला की तो लॉट आधी विका. सुबाभळीतही हे होतं. ड्रायरमध्ये भुंगा मरतो का, हा प्रश्न नेहमी येतो. निर्यातीच्या लाकडी पेट्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटं मागतो. सोलर ड्रायरमध्ये हवा ५६ च्या वर जाते, पण जाड फोडीचा गाभा तिथपर्यंत पोचेलच याची हमी देता येत नाही. तसा दावा करून माल विकू नये.

एका लॉटमध्ये जाड-बारीक मिसळू नका. बारीक वाळून तयार होतं, जाडासाठी थांबावं लागतं, आणि ड्रायरचे दिवस वाया जातात. बाभूळ आणि आंबाही वेगळे ठेवावेत. वजनावर पाहिलं तर वाळलेल्या सगळ्या जाती जवळपास सारखीच उष्णता देतात. जड लाकूड कमी जागेत जास्त उष्णता आणि टिकाऊ निखारा देतं, म्हणून बाभळीला आणि सुरूला मान आहे.

उघडी थप्पी आणि शेड: खरा प्रतिस्पर्धी

ऑक्टोबर ते मे देशावर निसर्ग फुकट ड्रायर चालवतो. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाची हवा इतकी कोरडी असते, की तिच्याशी जुळवून घेताना लाकूड दहा टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतं. नीट फोडलेलं दीड फुटी सुबाभूळ या दिवसांत सहा ते आठ आठवड्यांत विकण्याजोगं होतं. अट एवढीच, की थप्पी नीट हवी. जमिनीपासून सहा-आठ इंच उंच (सिमेंटच्या ठोकळ्यांवर टाकाऊ पाइप किंवा बल्ल्या पुरतात), एकेरी ओळीत, दोन ओळींत दीड-दोन फूट मोकळी जागा, वाऱ्याला आडवी. टोकांना उभी-आडवी रचून खांब करावेत म्हणजे थप्पी सरकत नाही. वरून फक्त माथा झाकायचा. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली, की ती पॉलिहाऊसच्या बंद खिडक्यांसारखीच बुरशी वाढवते. जमिनीला टेकलेल्या थराला वाळवी लागते, आणि ती पाहता पाहता वर चढते.

मग पावसाळ्याचं काय? कोकणात जुलैच्या ८५-९० टक्के आर्द्रतेतही, पाऊस लागला नाही तर, वाळलेलं लाकूड परत ओलं होऊन साधारण वजनाच्या १५ ते १७ टक्के पाण्यावर थांबतं. म्हणजे वीसच्या आतच. मे अखेर वाळवून शेडमध्ये भरलेला माल सप्टेंबरपर्यंत विकण्याजोगा राहतो.

महिन्याला वीस टन विकणारी वखार घ्या. चार महिन्यांचे ऐंशी टन, आठ फूट उंच रचले तर साधारण ९२० चौरस फूट जागा घेतात. ये-जा करायची वाट धरून १,२०० ते १,३०० चौरस फुटांची, तिन्ही बाजूंनी हवा खेळणारी, पश्चिमेकडून बंद पत्र्याची शेड सगळा पावसाळा सांभाळते. ड्रायरच्या दीडपट जागा, पण पंखा नाही, फिल्म नाही, रोजची देखरेख नाही.

अडचण भांडवलाची आहे. किलोला सात रुपये लागत धरली, तर ऐंशी टनांत ५ लाख ६० हजार रुपये मेपासून अडकून पडतात. ज्याला हे जमतं, त्याला ड्रायरची गरज फार थोडी. ज्याला जमत नाही, किंवा ज्याच्याकडे वर्षभर माल येतच राहतो (बागांची छाटणी, वादळात पडलेली झाडं, जुन्या बागांची काढणी), त्याच्यासाठी ड्रायर खरोखर कामाचा आहे.

लाकडावर चालणारी बंद भट्टी

तिसरा पर्याय म्हणजे गरम हवेची किंवा वाफेवरची सीझनिंगची, म्हणजे लाकूड सुकवण्याची, बंद खोली. फर्निचरच्या फळ्यांसाठी ती उत्तम आहे. तिथे तडा जाऊ नये म्हणून तापमान आणि आर्द्रता हळूहळू बदलतात. जळणाला तडे गेले तर बिघडत नाही, उलट लवकर पेटतं, म्हणून त्या काळजीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

इंधनाचा हिशोब तर स्पष्टच आहे. अशा खोलीत एक किलो पाणी उडवायला सगळी गळती धरून साधारण १,३०० किलोकॅलरी लागतात. एक टन ताज्या लाकडातलं ३७५ किलो पाणी काढायला सुमारे १४० किलो कोरडं लाकूड जाळावं लागेल. तयार होणार ६२५ किलो, त्यातलं १४० भट्टीने खाल्लं. तेच लाकूड आधी उघड्यावर ३० टक्क्यांपर्यंत आणलं, तर भट्टीला ३५ किलोच्या आत पुरतं, आणि ते साल, ढलप्या आणि करवतीच्या भुशावर भागतं. म्हणजे कोणतीही यंत्रणा घ्या, पहिली सुकवण उघड्यावरच करायची आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने सोलर किल्न (उन्हावर चालणारी सुकवणीची खोली) विकसित केली तीही फळ्यांच्या सुकवणीसाठी. जळणासाठी त्याहून साधी रचना पुरते.

ओलावा-मापक घेताना

दोन पिनांचा ओलावा-मापक वखारीत असायलाच हवा. महाग घ्यायची गरज नाही, पण तो काय दाखवतो हे कळायला हवं. बहुतेक लाकडाचे मापक पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनावर दाखवतात. मापकावर २५ आलं, म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के पाणी. गिऱ्हाईक ‘वीस टक्के’ म्हणतं तेव्हा त्याच्या मनात कोणतं वीस आहे हे ठरवून घ्या, नाहीतर वाद होतो.

हे मापक विजेचा अवरोध मोजतात. साधारण ३० च्या वरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तिथे ४० आणि ६० मध्ये खरा फरक कळत नाही. ‘ओलं’ एवढंच समजावं. ड्रायरमधून काढलेलं गरम लाकूड लगेच मोजलं, तर आकडा जास्त येतो. ढोबळ मानाने दर दहा अंशांना एक टक्का. सावलीत थंड होऊ द्या. पिना सालीत किंवा बाहेरच्या पृष्ठभागात टोचू नका. लॉटच्या मधला तुकडा घ्या, तो तिथेच फोडा, आणि नव्या उघडलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी मोजा. वर, खाली, पुढे, मागे असे किमान आठ-दहा तुकडे. त्यांच्या सरासरीइतकाच त्यातला सर्वांत ओला तुकडा महत्त्वाचा, कारण गिऱ्हाईक तोच लक्षात ठेवतं.

महिन्यातून एकदा ओव्हनवर पडताळणी करा. फोडीच्या मधून कापलेला शे-दोनशे ग्रॅमचा तुकडा एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवा, मग १०३ ते १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा. मापकाशी ताडायचं आहे, म्हणून घटलेलं वजन भागिले सुकल्यानंतरचं वजन, गुणिले शंभर. मापकाचा आकडा यापासून किती दूर जातो ते जातवार लिहून ठेवा, कारण परदेशी मापकांत सुबाभूळ किंवा बाभळीची सेटिंग क्वचितच असते.

खर्च किती पडतो

उदाहरणादाखल आकडे घेतो, तुमचे त्या जागी टाका. समजा ड्रायरला पाच लाख लागले आणि आयुष्य दहा वर्षं धरलं, तर वर्षाला ५० हजार. फिल्म, दुरुस्ती, पंखे मिळून २५ हजार. चार लहान पंखे दिवसाला नऊ तास चालले तर १३ युनिट. दहा रुपये युनिटने आणि २७५ दिवसांचे सुमारे ३६ हजार. एकूण १ लाख ११ हजार. अर्धवट वाळलेल्या मालाचे वर्षात पंचवीस लॉट निघाले, तर २१९ टन माल होतो, आणि किलोला साधारण ५१ पैसे पडतात. क्रेट आणि भरण्या-काढण्याची मजुरी वेगळी. एवढा खर्च भाव सहज सोसतो. पण याच ड्रायरमध्ये ताजं लाकूड भरलं, तर वर्षात जेमतेम आठ-नऊ लॉट निघतात आणि प्रत्येकी माल सव्वासहा टनच. मग किलोला दोन रुपयांच्या आसपास जातात. ड्रायर परवडला नाही म्हणणाऱ्याचा हिशोब तपासला, तर गोम बहुधा इथे सापडते.

गिऱ्हाइकांचाही विचार करून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईच्या पावाच्या भट्टीवर पुढची दहा वर्षं मोजून कर्ज काढू नये. चुलीवरच्या जेवणाची हॉटेलं, चुरमुरे-फुटाण्याच्या भट्ट्या आणि फार्महाऊसवरचे पर्यटक यांचा आधार जास्त भरवशाचा. पर्यटकांसाठी दहा-पंधरा किलोचं भरणं करायचं असेल, तर कांद्याची जाळीची पोती घ्या. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं लाकूड आतल्या आत घाम धरतं.

आगीबद्दल आखडतं घेऊ नका. वाळलेलं लाकूड, ढलप्या, भुसा आणि फिल्म एकाच छताखाली आहेत. जळणारी फिल्म वितळून थेंबांनी खाली पडते. वायरिंग पाइपमधून घ्या, स्विच बाहेर ठेवा, पंख्यांवरचा भुसा दर आठवड्याला झाडा, आणि विक्रीच्या शेडपासून ड्रायर किमान तीस-चाळीस फूट लांब बांधा. एकाला आग लागली तर दुसरं वाचलं पाहिजे. दोन मोठी अग्निशामकं दाराशी आणि पाण्याची टाकी होजपाइपसह जवळ हवी.

शेवटचा हप्ता देण्याआधी चाचणी कोटेशनमध्येच लिहून घ्या: पाच क्रेट वजन करून आणि खुणा करून वेगवेगळ्या जागी ठेवायचे, त्यांतले दोन अगदी मागच्या कोपऱ्यात. दर सकाळी तेच क्रेट वजन करायचे. घटलेल्या वजनाची पाच क्रेटची सरासरी गुणिले एकूण क्रेट, म्हणजे दिवसाला काढलेलं पाणी. ऑक्टोबर ते मेच्या स्वच्छ उन्हात पहिल्या चार दिवसांची सरासरी दिवसाला १२० किलोच्या खाली असेल, किंवा मागच्या कोपऱ्यातला क्रेट पुढच्याच्या निम्म्यानेही घटत नसेल, तर पडदे, पंख्यांची दिशा आणि पत्र्यावरची फट दुरुस्त करून देईपर्यंत हप्ता थांबवायचा.